खुर्चीतून उठलेला अर्नोल्ड

मागच्या महिन्यात एका रविवारी लेकीला 'टोटल रिकॉल' दाखवला. ती आता बारावीत आहे, तिचे ते कोरियन, जपानी काय काय चालू असतं, तिला म्हटलं हे बघ आमच्या वेळचं, आणि याचा एन्ड असा आहे ना की तू दोन दिवस झोपणार नाहीस. झालं, तिने पॉपकॉर्न केले, बायको म्हणाली तो मारामारीचा का, मग मी आत बसते. आणि पिक्चर संपला, नावं वर सरकायला लागली, मी अजून टीव्हीकडे बघत बसलोय तर लेक म्हणाली, "बाबा, तू सांगितलेलास तो सीन कुठंय?"

सीन नव्हता. नव्हताच.

आधी मला काय आठवत होतं ते सांगतो, म्हणजे कळेल माझी किती पंचाईत झाली ती. शेवटी मंगळावर आभाळ निळं होतं, हिरो हिरॉईनला जवळ घेतो, स्क्रीन पांढरी होत जाते, इथपर्यंत बरोबर आहे. मग कट. रिकॉल कंपनीची ती खुर्ची, मागे फिकट हिरवी भिंत, खुर्चीत अर्नोल्ड, मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. कोणीतरी सांगतं की झालं, उठा आता, घरी जा. तो उठतो, डोळे चोळतो, आणि दारात त्याची बायको उभी, जिला त्याने मंगळावर गोळी घातलेली असते ती. आणि ती हसते. संपला पिक्चर.

हे मी तीसेक वर्षं लोकांना सांगतोय. हॉस्टेलला रात्री दोन वाजता सांगितलंय, ऑफिसात चहाच्या टपरीवर सांगितलंय, लग्न ठरल्यावर बायकोला फोनवर सांगितलंय (तिने ऐकून घेतलं बिचारीने, एसटीडी बूथचं बिल मी भरत होतो म्हणून असेल). शपथेवर सांगितलं असतं. त्या रविवारी रात्री मी शेवटची दहा मिनिटं चारदा मागे नेऊन बघितली, मग वाटलं सेन्सॉरने कापला असेल, मग वाटलं ही दुसरी प्रिंट असेल, मग नेटवर शोधलं. लेक म्हणाली, बाबा झोप आता. मी काही झोपलो नाही, म्हणजे एका अर्थी मी बोललो ते खरंच झालं, फक्त माझ्या बाबतीत.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी स्टोरी थोडक्यात. स्पॉयलर आहेत पण पस्तीस वर्षं उलटून गेलीत राव, आता कसले स्पॉयलर. १९९० चा पिक्चर, दिग्दर्शक पॉल व्हर्होवन, हा मूळचा नेदरलँड्सचा. साल २०८४. डग्लस क्वेड नावाचा साधासुधा कामगार, दिवसभर दगड फोडायचं मशीन चालवतो, आणि हा साधासुधा कामगार म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर, दंड माझ्या मांडीएवढे. घरी शॅरन स्टोन बायको. तरी ह्याला रोज मंगळाची स्वप्नं पडतात आणि स्वप्नात दुसरीच बाई, म्हणजे माणसाला कितीही द्या. मग मेट्रोत त्याला एक जाहिरात दिसते, रिकॉल कंपनीची. फिरायला जायचंय पण खर्च झेपत नाही? या आमच्याकडे, आम्ही डायरेक्ट सहलीची आठवणच तुमच्या डोक्यात बसवून देतो, सामान हरवायची भीती नाही, टॅक्सीवाल्याशी वाद नाही, आणि आठवण अगदी ओरिजिनलसारखी पक्की. त्यांचा तो सेल्समन तर असा पटाईत आहे की एलआयसी एजंट झक मारेल. तो क्वेडला विचारतो की तुमच्या आजवरच्या सगळ्या सहलींमध्ये कॉमन गोष्ट कोणती? तुम्ही स्वतः! कुठंही जा, तुम्ही बरोबर असताच. मग यावेळी स्वतःपासूनच सुट्टी घ्या, सीक्रेट एजंट म्हणून मंगळावर जा.

क्वेड ते पॅकेज घेतो. त्याला खुर्चीत बसवतात, सुई टोचतात, आणि काहीतरी घोळ होतो, तो पिसाळतो, कंपनीवाले घाबरून म्हणतात की अरे आपण तर अजून आठवण टाकलीच नाहीये, याच्या डोक्यात कोणीतरी आधीच काहीतरी पुसून ठेवलंय! तिथून पुढे पळापळी, बायको म्हणजे बायको नाहीच, ती पाळतीवर ठेवलेली एजंट, आणि हा खरोखरच मंगळावरचा गुप्तहेर ज्याची आठवण पुसून त्याला पृथ्वीवर आणून ठेवलेलं. किंवा हे सगळं म्हणजे त्याने पैसे देऊन घेतलेलं पॅकेज. दोन्ही बाजूंनी बरोबर बसतं, आणि मला यातली गंमत अशी वाटते की व्हर्होवनने काही लपवलेलंच नाहीये. तो सेल्समन सुरुवातीलाच अख्खी स्टोरी सांगून टाकतो, की लोक तुमच्या जिवावर उठतील, पोरगी तुम्हाला मिळेल, व्हिलन मरेल आणि शेवटी तुम्ही अख्खा ग्रह वाचवाल. मशीनवर हिरॉईनचा चेहरा दिसतो, तो आपण बघतो. आणि एक टेक्निशियन प्रोग्रॅम लावता लावता सहज बोलून जातो की हे नवीनच दिसतंय, मंगळावर निळं आभाळ. एक ओळ, बस. शेवटी मंगळावर निळं आभाळ येतं. यावेळी लेकीने ती ओळ पकडली बरं का, मी एवढ्या वर्षांत पकडली नव्हती. आणि का पकडली नव्हती ते पुढे येईलच.

बाय द वे, मंगळाचं खरं आभाळ दिवसा पिवळट-तांबूस असतं आणि सूर्यास्ताला सूर्याभोवती निळसर होतं, म्हणजे आपल्या बरोब्बर उलटं. क्युरिऑसिटी रोव्हरने २०१५ मध्ये काढलेले फोटो आहेत, बघा कधीतरी. पिक्चरमध्ये हवा नसलेल्या ठिकाणी लोकांचे डोळे चेंडूसारखे बाहेर येतात तेही तसं होत नाही, पण रॉब बॉटिनने ते रबरी चेहरे असे काही बनवलेत की लेक पॉपकॉर्न खायची थांबली. त्या वर्षी व्हिज्युअल इफेक्टसाठी स्पेशल ऑस्कर मिळालाय याला. शूटिंग बरंचसं मेक्सिको सिटीत, ती सगळी काँक्रीटची भविष्यातली मेट्रो म्हणजे तिथली खरीखुरी मेट्रो. हिंसा मात्र जास्तच आहे हे मान्य, सरकत्या जिन्यावर एका मेलेल्या माणसाची ढाल करून गोळ्या झेलतात तो सीन मला लहानपणी भारी वाटलेला, आता लेकीशेजारी बसून बघताना उगाच मोबाईल चाळत बसलो.

पण माझा सगळ्यात आवडता सीन बिनगोळीबाराचा आहे. म्हणजे शेवटी एक गोळी आहेच, अर्नोल्ड आहे शेवटी. क्वेड मंगळावरच्या हॉटेलात आहे, दारावर टकटक. बाहेर एक गुबगुबीत डॉक्टर, चष्मा, सभ्य माणूस. तो म्हणतो, साहेब, तुम्ही इथे नाही आहात आणि मीही नाही. तुम्ही अजून पृथ्वीवर रिकॉलच्या खुर्चीत बांधलेले आहात, प्रोग्रॅम बिघडलाय, मला तुम्हाला बाहेर काढायला पाठवलंय. ही लाल गोळी घ्या, झोप लागेल, जागे व्हाल. सोबत बायकोलाही घेऊन आलाय, ती रडतेय, म्हणते मी तुझ्यावर प्रेम करते. आणि डॉक्टर इतकं मुद्देसूद बोलतो की आपणही म्हणायला लागतो, बरोबरे की! तूच विचार कर ना, एक कामगार माणूस अचानक गुप्तहेर काय निघतो, अख्ख्या ग्रहाचा राजा त्याच्या मागे काय लागतो. हे खरं वाटतं, का तो खुर्चीतला माणूस खरा वाटतो? क्वेड गोळी तोंडात टाकतो. टाकतो, गिळत नाही. आणि तेवढ्यात कॅमेरा डॉक्टरच्या गालावर जातो आणि घामाचा एक थेंब हळूच खाली ओघळतो.

म्हणजे हा घाबरलाय. स्वप्नातला माणूस कशाला घाबरेल? क्वेड त्याच्या डोक्यात गोळी घालतो आणि औषधाची गोळी थुंकून टाकतो.

आता नीट विचार केला तर त्या थेंबाने काहीच सिद्ध होत नाही. पॅकेजमध्ये थेंबही टाकलेला असू शकतो, हजारो रुपये घेतात तर तेवढं डिटेलिंग करणारच ना. क्वेडला राहायचं होतं मंगळावर, त्याला कारण हवं होतं, एक थेंब पुरला. २०१२ ला याचा रीमेक आला त्यात थेंबाच्या जागी हिरॉईनच्या डोळ्यातला अश्रू आहे आणि पिक्चरमध्ये मंगळच नाहीये, मंगळच काढून टाकला तर मग राहिलं काय, जाऊ दे.

मूळ कथा फिलिप के. डिक नावाच्या अमेरिकन लेखकाची, १९६६ ची, 'वुई कॅन रिमेंबर इट फॉर यू होलसेल', म्हणजे आठवणी ठोक भावात. कथा एकदम छोटी आहे, आणि त्यात गंमत म्हणजे हिरो मंगळावर जातच नाही, पृथ्वीवरच लटकतो. तिथे त्याचं नाव क्वेल आहे. त्याच्या डोक्यातली गुप्तहेराची खरी आठवण काही केल्या दबत नाही म्हणून सरकार ठरवतं की त्याच्यावर अजून भारी स्वप्न टाकू म्हणजे पहिलं झाकलं जाईल. मग त्याच्या मनाचा तळ खरवडल्यावर एक लहानपणची कल्पना सापडते, की तो नऊ वर्षांचा असताना परग्रहावरचे उंदराएवढे जीव पृथ्वी जिंकायला आले होते, आणि हा एकटा त्यांच्याशी इतक्या मायेने वागला की ते विरघळले आणि म्हणाले, तू जिवंत आहेस तोवर आम्ही हल्ला करणार नाही. सगळे हसतात की काय बालिश माणूस आहे, म्हणतात हीच आठवण टाकू याच्यात. टाकायला जातात तर ती आधीपासूनच तिथे आहे. खरी. मी ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा बसमध्ये होतो आणि स्टॉप चुकलो.

पिक्चर व्हायला मात्र फार वर्षं लागली. स्क्रिप्ट डॅन ओ'बॅनन आणि रोनाल्ड शुसेटने लिहून ठेवलेली, हात बदलत राहिली, डेव्हिड क्रोननबर्ग त्यावर काम करून बाहेर पडला, ऑस्ट्रेलियात काम सुरू झालेलं ते निर्मात्याची कंपनीच बुडाल्यामुळे बंद पडलं, शेवटी अर्नोल्डने कॅरोल्को कंपनीच्या मागे लागून ते विकत घ्यायला लावलं. डिक तोपर्यंत गेला होता, १९८२ लाच.

तर आता माझी भानगड.

आम्ही तेव्हा नाशिकरोडला, बाबा प्रेसमध्ये, नोटा छापतात तिथे. क्वार्टर्समध्ये कोणाकडेच व्हीसीआर नव्हता, दिवाळीच्या सुट्टीत भाड्याने आणायचा, रात्रभरासाठी तीन कॅसेट, सगळ्यांनी वर्गणी काढायची. रात्री नऊला एक हिंदी, ती बायकामुलांसह, मग दुसरी हिंदी मारामारीची, आणि तिसरी इंग्लिश, तोपर्यंत मोठी माणसं पेंगलेली असायची म्हणून आमचं फावायचं. मी सहावीत असेन. हेडवर धूळ बसली की पडद्यावर मुंग्या, मग चुलतभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणायचो, तो झाकण उघडून दोनच्या नोटेने हेड पुसायचा, आणि बाबा झोपेतून ओरडायचे की अरे नोटेची इज्जत ठेवा रे, आम्ही छापतो ती! (दोनच्या नोटा त्यांच्याच प्रेसमधल्या होत्या का देव जाणे पण बाबांना सगळ्या आपल्याच वाटायच्या.)

'टोटल रिकॉल' तिसरी कॅसेट होती. इंग्लिश मला ओ की ठो कळत नव्हतं, दादा शेजारी बसून ट्रान्सलेशन करत होता आणि तोही अर्धं मनाचंच सांगत असणार कारण तोही मराठी मिडियमच. म्हणून ती निळ्या आभाळाची ओळ मला कधी कळलीच नाही. आणि माझ्या आठवणीप्रमाणे, शेवटी मंगळावर ते मशीन सुरू होतं, डोंगर फुटतो, आणि नेमके तिथे लाईट गेले. पहाटेचे चार असतील. लाईट काही आले नाहीत, सकाळी सातला व्हीसीआर परत द्यायचा होता, नाहीतर दुसऱ्या दिवसाचं भाडं. मी रडकुंडीला आलो. मग अंधारात गोधडीत पडल्या पडल्या दादाने मला एन्ड सांगितला. त्याने म्हणे आधी मित्राकडे बघितलेला.

म्हणजे बघा, मी एन्ड *बघितलाच नव्हता*. ऐकला होता. आणि हे, लाईट गेले, गोधडी, दादाचा आवाज, हे सगळं मला आठवत होतंच की, कायमच आठवत होतं! आणि तरी डोक्याच्या दुसऱ्या कप्प्यात तोच सीन रंगीत, लाळेसकट, कॅमेरा अँगलसकट ठेवलेला होता. दोन कप्पे तीस वर्षं एकमेकांना भेटलेच नाहीत. त्या रविवारी पहिल्यांदा भेटले.

मग मी वाचत सुटलो. याला म्हणतात सोर्स मॉनिटरिंगची गडबड, म्हणजे गोष्ट लक्षात राहते पण ती कुठून आली, बघितली की ऐकली की स्वप्नात पडली, ते लेबल गळून पडतं. पत्रिकेवरचा पत्ता पुसलेला आणि आत मजकूर शाबूत, तसं. एलिझाबेथ लॉफ्टस म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या बाई आहेत, त्यांनी नि जॉन पामरने १९७४ ला कॉलेजच्या पोरांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं की गाड्या एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा स्पीड किती होता, आणि काहींना विचारलं गाड्यांचा 'चक्काचूर झाला' तेव्हा किती होता. नुसता शब्द बदलला. आठवड्याने परत बोलावून विचारलं, काच फुटलेली बघितली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. धडकल्यावाल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, चक्काचूरवाल्या ५० पैकी १६. सोळा पोरांनी नसलेली काच बघितली, आणि ती काच एका क्रियापदातून आली. दादाने तर मला अख्खा सीन सांगितला होता, पहाटे चारला, अंधारात, अशा वेळी काय क्रियापदं वापरली असतील देवाला माहीत.

आणि परत परत सांगण्याने ती पक्की होते असं आपल्याला वाटतं ना, तर तेही सरळ नाहीये. २००० साली करीम नादर नि त्याच्या टीमने उंदरांवर प्रयोग केला. उंदरांना एक आवाज ऐकवून शॉक द्यायचे, मग आवाजालाच ते घाबरायला लागले, आठवण पक्की झाली. मग नंतर पुन्हा तो आवाज ऐकवून ती आठवण जागी केली आणि लगेच मेंदूत प्रोटीन बनणं थांबवणारं औषध दिलं, तर जुनी पक्की आठवणच ढासळली. जागी न करता औषध दिलं तर काही होत नाही. म्हणजे आठवण काढली की ती थोडा वेळ ओल्या सिमेंटसारखी होते आणि परत सुकावी लागते. आता उंदराचं सगळं माणसाला लागू होतं असं नाही, पण मी तो सीन टपरीवर सांगताना दरवेळी सिमेंट ओलं करून त्यात थोडं थोडं स्वतःचं दाबत गेलो असणार याबद्दल मला तरी शंका नाही. घड्याळ होतं एकदा त्यात, मी कॉलेजला सांगायचो तेव्हा डॉक्टरीण घड्याळ बघायची. नंतर कधीतरी ते गळालं.

आणि आता खरोखरची रिकॉल कंपनी. २०१३ ला एमआयटीत सुसुमु टोनेगावा (हे नोबेलवाले, १९८७ चं, ते वेगळ्याच विषयात) यांच्या लॅबमध्ये झालेलं काम आहे. उंदीर एका खोक्यात सोडला, साधं खोकं, काही वाईट झालं नाही. त्यावेळी त्याच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, ज्या पेशी पेटल्या त्यांना अशी खूण करून ठेवली की उजेड टाकला की त्या परत पेटतील. मग दुसऱ्या खोक्यात नेऊन शॉक दिला आणि शॉक देताना उजेड टाकून पहिल्या खोक्याची आठवण चालू ठेवली. नंतर पहिल्या खोक्यात परत सोडल्यावर उंदीर भीतीने थिजून उभा. जिथे कधीच काही झालं नव्हतं तिथे. त्याच्यापुरतं ते झालेलं होतं. मला हे वाचताना डिकच्या त्या उंदराएवढ्या पाहुण्यांची आठवण झाली आणि थोडं वाईटही वाटलं, उंदरासाठी.

आपल्याकडे तर हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलंय, पुण्यात, आठवत असेल काहींना. २००८ ला एका खून खटल्यात सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली त्यात एक पुरावा ब्रेन मॅपिंगचा होता, बीईओएस नावाची टेस्ट. बाकीचे पुरावे होतेच, पण जगभर बातमी झाली ती या टेस्टची. डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी घालतात, आरोपीने काही बोलायचं नाही, समोर एकेक वाक्य वाचतात, मी अमुक विकत घेतलं, मी तमुकला भेटले, आणि मशीन म्हणे सांगतं की ही गोष्ट या माणसाने नुसती ऐकलीये की स्वतः *अनुभवलीये*. शास्त्रज्ञांनी यावर भरपूर टीका केली, पुढे हायकोर्टाने जामीन दिला, आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग यातलं काहीही संमतीशिवाय करायचं नाही. मी मात्र विचार करतोय की ती टोपी मला घाला आणि वाचा, 'अर्नोल्ड खुर्चीतून उठला'. माझा मेंदू ओरडून सांगेल की हो, बघितलंय, ह्या डोळ्यांनी बघितलंय!

मग शेवटी दादाला फोन लावला. तो आता ठाण्याला असतो, बीपी आहे, सकाळी चालायला जातो. म्हटलं दादा, टोटल रिकॉलचा एन्ड तू मला काय सांगितला होतास? तो म्हणाला, "मी कुठं सांगितला? तूच मला सांगितलास. मी दुसऱ्या पिक्चरलाच झोपलेलो." म्हटलं अरे लाईट गेले होते, गोधडीत... तो म्हणाला, लाईट वगैरे काही गेले नव्हते, गेले असते तर मी उठलो असतो ना, पंखा बंद पडला की मला लगेच जाग येते. दिवाळीत पंखा कोण लावतं, असं मी म्हणालो, तर तो म्हणाला दिवाळी कुठली, मे महिना होता.

म्हणजे घामाचा थेंबही गेला माझा.

मग आईला विचारलं. आई नाशिकलाच असते, ऐंशीच्या पुढे आहे पण कोणाच्या बारशाला किती वजनाची वाटी दिली ते सांगते. तिला व्हीसीआर वगैरे काही विशेष आठवेना, ती म्हणाली तुमचं आपलं काहीतरी चालू असायचं. मग मी सहज म्हणून विचारलं, "आपल्या क्वार्टरला हॉलमध्ये भिंत हिरवी होती ना गं?"

"हो की. पिस्ता. ऑईलपेंट मारलेला तुझ्या बाबांनी, खालून अर्ध्यापर्यंत."

आणि मग तिचं तिचंच सुरू झालं, मी काही विचारलं नव्हतं. म्हणाली, नाईट करून सकाळी आले ना की आत यायचेसुद्धा नाहीत पलंगापर्यंत, त्या भिंतीला खुर्ची लावून तिथेच मान टाकायचे, तोंड उघडं, सगळी लाळ शर्टावर. तेलाचा डाग पडला होता भिंतीला डोक्याचा, मी साबणाने घासला, सोड्याने घासला, गेला नाही. मी दारात उभी राहून हाका मारायचे, अहो उठा, झालं, आत जाऊन झोपा. उठायचे आणि असे बघायचे माझ्याकडे जशी काही मी कोण आहे. मला हसूच यायचं.

मी बराच वेळ काही बोललो नाही. ती म्हणाली, ऐकू येतंय का?

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. फोन ठेवल्यावर डोक्यात आलं की मी तिला 'भिंत कुठल्या रंगाची होती' असं विचारलंच नाही, 'हिरवी होती ना' असं विचारलं. चक्काचूर. मग माळ्यावरून अल्बम काढला, लेकीने टॉर्च धरला. हॉलमधले दोन फोटो आहेत, एकात माझी मुंज. त्या काळचे रंगीत फोटो जुने झाले की सगळे लालसर पडतात, तसे पडलेत, आम्ही सगळे तांबूस, आई तांबूस, आणि मागची भिंत पार मंगळासारखी, हिरवी होती की निळी की पांढरी काही म्हणजे काही कळत नाही. लेकीने मोबाईलवर फोटो काढून रंग दुरुस्त करून बघितला, ॲपने एकदा हिरवी दाखवली आणि दुसऱ्यांदा करड्या रंगाची.

डाग मात्र आहे. मुंजीच्या फोटोत भटजींच्या खांद्याच्या मागे, खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं येईल बरोब्बर त्या उंचीवर.